चौथ्या सीटचे पैसे

थायलंडमधल्या क्राबीहून येऊन आता बरेच महिने झाले, फोटो बघून झाले, सगळ्यांना दाखवून झाले, पण त्या ट्रिपमधली एक गोष्ट काही डोक्यातून जात नाही. बोटवाल्याने कमरेच्या पाऊचची चेन उघडली, आतून घडी घातलेल्या नोटांची छोटी चवड काढली, वीसच्या हिरव्या नोटा बाजूला सारल्या आणि शंभर बाथची एक लाल नोट ओढून समोरच्या मुलाच्या हातात ठेवली. दिवसभर खाऱ्या पाण्यात राहून त्याची बोटं पांढरट पडली होती, अंगठ्याच्या नखात काळं ग्रीस, आणि नोटेची एक कड ओली झाल्यामुळे ती मुलाच्या तळहाताला चिकटली. मुलाने ती झटकून सरळ केली आणि खिशात घातली. एवढंच झालं. कोणी ओरडलं नाही, भांडण नाही, बोट पुढे निघाली. मुलगा आपल्याकडचाच होता, वाकडला राहणारा, चांगला मुलगा, ते पुढे सांगतेच.

आधी हिशोब सांगते, कारण त्याशिवाय यातलं काहीच कळणार नाही. आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी आत्या. आत्या सत्तरीची आहे, सहकारी बँकेतून रिटायर झाली, सासर गुहागरजवळचं आणि गेली कित्येक वर्षं मुक्काम कोथरूडला. क्राबीतल्या आओ नांगच्या बीचवर जागोजागी ट्रिपची काउंटर्स आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तेच लॅमिनेट केलेले बोर्ड, चार बेटं, हाँग बेटं, फी फी बेटं. लांब शेपटाची ती लाकडी बोट अख्खी घेतली तर अर्ध्या दिवसाचे 2200 बाथ सांगत होते, आणि शेअरमध्ये माणशी 450, त्यात जेवण, पाणी, स्नॉर्कलचा मास्क आणि हॉटेलवरून ने-आण धरून. म्हणजे तिघांचे 1350. एक बाथ म्हणजे अडीच रुपयांच्या थोडा वर धरला तर दोन हजारांच्या वर वाचतात आणि जेवणाचंही भागतं. पण गंमत बघा, हेच पाच जण असाल तर 2250 होतात, म्हणजे शेअरमध्ये काहीच वाचत नाही, उलट अख्खी बोट घेतली तर हवं तिथे हवं तितका वेळ थांबता येतं. त्यामुळे शेअर बोट स्वस्त असं सरसकट नसतं, दोघं-तिघं असाल तरच ती स्वस्त. आणि या दोन्ही आकड्यांत नॅशनल पार्कची फी नसते. आम्ही गेलो तेव्हा चार बेटांसाठी परदेशी माणसाला 200 बाथ होती, फी फीला 400, आणि ती रोख द्यावी लागते. बरेच लोक हे आधी वाचत नाहीत आणि मग बोटीत बसल्यावर चेहरे पडतात. स्पीडबोट अजून महाग, पण ती लवकर पोचते आणि अंग फारसं भिजत नाही. लाकडी बोटीत भिजायचंच असतं.

हा सगळा हिशोब आत्याने आदल्या रात्री हॉटेलच्या पलंगावर बसून तिच्या खर्चाच्या वहीत मांडला होता. ही वही ती सगळीकडे नेते, भाजी आणायलासुद्धा. आणि मांडता मांडता तिने एकदम विचारलं, "उद्या तिथी काय आहे गं?" मी फोनवर पाहिलं, अष्टमी. तर म्हणाली, "मग ती वाळू काही दिसायची नाही."

ती वाळू म्हणजे त्या ट्रिपचं मुख्य आकर्षण. तुप नावाचं बेट, त्याच्या शेजारचं एक छोटं बेट आणि कोंबडीच्या मानेसारखा सुळका असलेलं चिकन आयलंड, ही ओहोटीला पांढऱ्या वाळूच्या पट्ट्याने एकमेकांना जोडली जातात आणि माणसं समुद्राच्या मधोमध चालत एका बेटावरून दुसऱ्यावर जातात. बोर्डावर फोटो त्याचाच असतो. पण पट्टा नीट उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, कारण तेव्हा भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. आत्याला हे तिच्या सासऱ्यांनी शिकवलेलं. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. क्राबीला हा आकडा जसाच्या तसा चालत नाही, तिकडची वेळ वेगळी, पण चंद्र तोच आहे, उधाण आणि भांग तेच. आम्हाला दिवस बदलणं शक्य नव्हतं, परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि आत्या म्हणाली जाऊच, बेटं काय कुठे पळून जात नाहीत.

सकाळी किनाऱ्यावर त्या रायलेला जाणाऱ्या बोटी दिसत होत्या. रायले हे बेट नाही, पण मागे चुनखडीचे उभे कडे असल्यामुळे तिथे रस्त्याने जाताच येत नाही, बोटच लागते. त्याची पद्धत फार साधी आहे. माणशी 100 बाथ, आठ जण झाले की बोट सुटते. आदल्या दिवशी आम्ही त्याच बोटीने गेलो होतो तेव्हा सहा जण झाले होते आणि दोघं येत नव्हते. ऊन चढत होतं, बाकावर सगळे तिकिटं हातात धरून बसलेले, आणि जो तो येणाऱ्या रस्त्याकडे बघतोय, कोणी बॅग घेऊन येताना दिसलं की सगळ्यांच्या माना वर. मला एकदम पुणे स्टेशन आठवलं.

लहानपणी बाबांबरोबर मुंबईला जायचं असलं की कधीकधी स्टेशनबाहेरून दादरची शेअर टॅक्सी घ्यायचो. फियाट असायची, सीटवर ते गरम रेक्झिन, आणि ड्रायव्हर दार उघडं धरून ओरडत असायचा, "दादर, दादर, एक सीट, एकच सीट!" चार झाले की गाडी निघणार. तीन झालेले असायचे आणि चौथा येईपर्यंत अर्धा तास, पाऊण तास, मला ती वाट बघणं जाम आवडायचं कारण बाबा तेवढ्यात चहा घ्यायचे आणि मला क्रीम रोल. पण कधी उशीर होत असेल तर बाबा बाकीच्या दोघांना विचारायचे, "काय हो, चौथ्याचे तिघांत वाटून घ्यायचे का?" आणि दोघं हो म्हणाले की निघायचं. मला आज वाटतं की बाबांनी ड्रायव्हरला कधीही असं म्हटलं नाही की तिघांचे घे आणि चल. त्याची गाडी चार सीटची होती, त्याचं पेट्रोल चार सीटच्या हिशोबाने होतं. रिकाम्या सीटचे पैसे कोणीतरी द्यायचेच असतात, ते बसणाऱ्यांनी द्यायचे नाहीतर वेळ द्यायचा. बाबांचा पगार काही मोठा नव्हता. बहुतेक वेळा आम्ही वेळच दिला.

रायलेच्या बोटीतही तसंच झालं. एका बाईने, बहुधा फ्रेंच असावी, बोटांनी खूण करून विचारलं की उरलेल्या दोन सीटचे 200 बाथ सहा जणांत वाटायचे का. दोघांनी मान हलवली, दोघांनी नाही म्हटलं, आत्या म्हणाली थांबू, आपल्याला कुठे घाई आहे. थोड्या वेळाने एक जोडपं धावत आलं आणि सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या. ते दोघं एवढे गोंधळले!

तर दुसऱ्या दिवशीची चार बेटांची बोट. पंधरा-सोळा जण असू. गुडघाभर पाण्यातून चालत जायचं आणि मग लाकडी शिडीवरून वर. आत्याने पंजाबी ड्रेसचा पायजमा वर खोचला होता, चपला पिशवीत, आणि शिडी बोटीबरोबर वरखाली होत होती, एक लाट आली की पायरी पाण्याखाली. तेव्हा वरून हात पुढे करणारा तो मुलगा. "आजी, घाई करू नका, लाट गेली की पाय टाका." मराठी ऐकून आत्याला इतका आनंद झाला की वर पोचायच्या आधीच तिने विचारलं, "पुण्याचा का रे?" ते चौघं मित्र होते, वाकड-बाणेरकडचे, आयटीतले, पहिलीच परदेश ट्रिप. त्याच्या फोनमध्ये स्प्लिटवाइज, ते खर्च वाटून घ्यायचं ॲप, उघडंच होतं, प्रत्येक चहाची, प्रत्येक पाण्याच्या बाटलीची नोंद. आत्याने आपली वही काढून दाखवली आणि दोघांची चांगलीच गट्टी जमली. त्याने सांगितलं की वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून ही ट्रिप केलीय, घरी हप्ता चालू आहे, बहिणीचं शिक्षण आहे. मला तो मनापासून आवडला, अजूनही आवडतो.

बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रंगीत रिबिनी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, त्या मे या नांग नावाच्या बोटीच्या देवीसाठी. आत्याने त्याला हात लावून नमस्कार केला, नारळी पौर्णिमेला होड्यांची पूजा बघितलेली बाई ती. मागे इंजिन, चक्क गाडीचं असतं तसं मोठं, उघडं, एका खुंटावर बसवलेलं, त्याला लांबच लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. बोटवाला तो सगळा डोलारा एका हाताने उचलून वळवतो. आवाज इतका की बोलणं अशक्य, म्हणून बोटीतले सगळे आपोआप गप्प होतात आणि बघत बसतात. पहिलं फ्रा नांग, तेही खरं तर बेट नाही, रायलेचाच एक किनारा, पण ट्रिपच्या चारात ते धरतात. तिथे गुहेत मच्छीमारांचं देवस्थान आहे. मग चिकन आयलंडजवळ पाण्यात उतरून मासे, पिवळे-काळे पट्ट्यांचे, अगदी मास्कच्या काचेपर्यंत येतात. मग तुप.

वाळू दिसली नाही.

म्हणजे पाण्याखाली दिसत होती, हिरव्या पाण्यात एक फिकट पट्टा, नागमोडी, पण वर कमरेच्या आसपास पाणी आणि बाजूने बारीक ओढ. बोटवाल्याने इंजिन मंद केलं, हाताने खूण करून पट्टा दाखवला, मान हलवली, आणि एक छोटी फेरी मारून बोट सरळ चौथ्या बेटाला, पोडाला नेली. तिथे त्याने ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ दिला. पोडावर झाडाखाली जेवण, डब्यात भात आणि भाजी, आत्याने दशम्या आणि लसणाची चटणी काढली, चौघा मुलांनी त्यावर ताव मारला. मी झाडाला टेकून बसले होते, पाय वाळूत, आणि मला काहीही कमी पडल्यासारखं वाटत नव्हतं.

परत निघताना त्या मुलाने विषय काढला. चार बेटांचे पैसे घेतलेत, तीनच झाली. 450 चा चौथा भाग साधारण 112, आम्ही चौघं, तर निदान शंभर शंभर परत द्या. बोटवाला आधी हसला, त्याला वाटलं थट्टा चाललीय. मग मुलाने फोनवर भाषांतर करून स्क्रीन त्याच्या तोंडासमोर धरली. त्याने डोळे बारीक करून वाचलं, पाण्याकडे हात केला, मग आकाशाकडे. मग काउंटरला फोन लावला, कोणी उचलला नाही. आत्या म्हणाली, "अरे बाळा, तिथी काय त्याच्या हातात असते?" तर मुलगा अगदी आदराने म्हणाला, "आजी, प्रश्न पैशांचा नाहीये, प्रिन्सिपलचा आहे. बोर्डावर लिहिलंय ना चार." आणि हे खोटं नव्हतं. बोर्डावर चार लिहिलं होतं आणि भरती-ओहोटीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यानंतर ती पाऊचची चेन उघडली आणि नोट बाहेर आली. चौघांत मिळून एक. पुढच्या सगळ्या वाटेत मुलाने आत्याची पिशवी स्वतःच्या मांडीवर धरली होती, उडणाऱ्या पाण्याने भिजू नये म्हणून.

पुण्यात आल्यावर मी हे ज्याला त्याला सांगितलं आणि प्रत्येकाचं मत वेगळं. नवरा म्हणतो मुलगा बरोबर होता, आपण ग्राहक आहोत, आज त्याने विचारलं म्हणून उद्या ते बोर्डावर लिहितील. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली शंभर बाथ म्हणजे अडीचशे रुपये, एवढ्यासाठी काय. मला हे दुसरं अजिबात पटत नाही. अडीचशे रुपये ज्याला मोजावे लागतात त्याने मोजावेत, त्यात लाज नाही, मी मोजते, बाबा तर पाच रुपये मोजायचे. कॉलेजात आमचं सगळं टीटीएमएम असायचं, तुझं तू माझं मी, चाटच्या एका एसपीडीपी प्लेटमध्ये दोघी आणि पैसे निम्मे निम्मे, त्यात कधी कोणाला कमीपणा वाटला नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. शेअर बोटीत पैसे वाचतात ते कशामुळे? आपण अनोळखी माणसांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो म्हणून. सगळे येईपर्यंत उन्हात थांबतो, दुसऱ्याच्या सोयीने उठतो, आवडलेल्या जागी अजून थांबावंसं वाटलं तरी भोंगा वाजला की निघतो. ही सगळी किंमत आपणच दिलेली असते, फक्त ती पैशांत नसते, आणि म्हणून ती बचत मला स्वच्छ वाटते. ती लाल नोट कोणाच्या वेळेतून किंवा गैरसोयीतून आली नव्हती. ज्याने तिकीट विकलं त्याने फोन उचलला नाही, बोर्ड ज्याने लिहिला तो तिथे नव्हता, आणि जो समोर होता, ज्याला परत जाताना आपल्याला सुखरूप किनाऱ्याला लावायचं होतं, भाषा येत नव्हती आणि पंधरा जणांसमोर वाद नको होता, त्याच्या खिशातून ती आली. हिशोब बरोबर होता, पण वसूल चुकीच्या माणसाकडून झाला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर जाऊन भांडला असता तर मी त्याच्याबरोबर गेले असते.

उतरताना आत्याने बोटवाल्याला काही पैसे दिले, किती ते मला सांगितलं नाही. वहीत मात्र तिने ते बक्षिशी म्हणून लिहिले नाहीत, "बोट" याच ओळीत धरले, 1350 च्या पुढे अधिक चिन्ह करून. मी विचारलं तर म्हणाली, "बोटीचेच आहेत ते."

आता डिसेंबरात आत्याच्या भिशीच्या बायका मालवणला जायचं म्हणतायत आणि मलाही ओढलंय. देवबागहून संगम, त्सुनामी आयलंड, पुढे भोगवे, निवती, सकाळी निघालं तर डॉल्फिन. त्सुनामी आयलंडही तसलंच, नदी आणि समुद्र मिळतात तिथली वाळू, ओहोटीला उघडी आणि भरतीला पाण्याखाली, त्यामुळे यावेळी हॉटेलच्या आधी तिथी ठरली. आत्याने तृतीया काढली. तिची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती आणि सकाळी आठ-साडेआठला पूर्ण ओहोटी, शिवाय पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, पाणी चांगलं उतरलेलं असणार. ग्रुपवर सगळ्यांना नाश्ता लवकर उरकायची ताकीद गेलीय.

प्रश्न एवढाच राहिलाय की आम्ही अकरा जणी आहोत आणि ज्या बोटवाल्याशी बोलणं झालं त्याची बोट आठ जणांची. दोघी-तिघींचं म्हणणं की सगळ्या बारीकच आहोत, दाटीवाटीने एकीत मावू, एका बोटीचे पैसे वाचतील. त्याला आत्याने तिथल्या तिथे नाही म्हटलं, लाइफ जॅकेटं आठच आहेत त्याच्याकडे, तिने फोनवर विचारून घेतलं होतं. मग दुसरी म्हणाली दोन बोटी करू, सहा आणि पाच, मस्त ऐसपैस. पण आत्याला तेही पटलं नाही. तिचं म्हणणं, एक बोट आठ जणींनी पूर्ण भरायची, दुसरीत आम्ही तिघी बसू आणि उरलेल्या पाच जागा मोकळ्या ठेवायच्या, सकाळी किनाऱ्यावर कोणी ना कोणी आलेलं असतंच, त्यांचीही सोय होईल. कोणी नाहीच आलं तर त्या पाच सीटचे पैसे अकरा जणींत वाटायचे, बोटवाल्याला आठाचेच द्यायचे. यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे. मी आत्याच्या बाजूने मत दिलंय आणि त्या तिघींत माझं नाव आधीच लिहून ठेवलंय.